नियतीने नेमलेला आणि आपणहून पुढे झालेला

किशोरांसाठीच्या कादंबऱ्यांचा विषय निघाला की एक तक्रार हमखास ऐकू येते: "पुन्हा तेच, चोझन वन!" म्हणजे नियतीने आधीच नेमलेला नायक. हॅरी पॉटर चोझन वन, पर्सी जॅक्सन चोझन वन, 'हंगर गेम्स'मधली कॅटनिस चोझन वन, 'डायव्हर्जंट'मधली ट्रिससुद्धा चोझन वन. पोरसवदा वयात कुणी जुलमी सत्तेपुढे उभं राहिलं की त्याच्या कपाळी हा शिक्का बसलाच. पहिल्या दोघांबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण कॅटनिसला त्यांच्या रांगेत बसवलेलं पाहिलं की मला राहवत नाही. कारण तिथे तिच्या गोष्टीचा कणाच काढून घेतला जातो.

नेमलेला नायक सगळ्यांच्या ओळखीचा आहे, त्याच्यावर फार वेळ घालवत नाही. त्याच्याबद्दल आधीच भाकीत झालेलं असतं, अंगावर एखादी खूण असते, आईबापांच्या रक्तातून काहीतरी आलेलं असतं आणि हे सगळं त्याला स्वतःला सोडून इतरांना माहीत असतं. कंसाने ऐकलेली आकाशवाणी आठवा, साचा तोच. नायक जन्मायच्या आधी त्याचं काम ठरलेलं आणि त्याचा वैरीही ठरलेला.

दुसऱ्या नायकाला मी 'पुढे झालेला' म्हणते, कारण तो नेमकं तेवढंच करतो. इतरांसारखाच गर्दीत उभा असतो आणि एका क्षणी पाऊल पुढे टाकतो.

दोघांत वरवरचे फरक बरेच दाखवता येतील. एक बहुधा अनाथ असतो, दुसऱ्याला घरच्यांची काळजी असते. एकाला गुरू भेटतो, दुसऱ्याला भेटेलच असं नाही. यातलं काहीच निर्णायक नाही. लोक सर्वात जास्त फसतात ते कौशल्यावर. "तिचा बाण चुकत नाही, म्हणजे ती नेमलेलीच की!" कॅटनिसचा नेम जन्मजात नाही. वडिलांनी तिला धनुष्य धरायला शिकवलं. ते खाणीतल्या स्फोटात वारल्यावर घरात खायला काही उरलं नाही, म्हणून ती कुंपणापलीकडे जाऊन शिकार करू लागली. अंगात हुन्नर असणं वेगळं आणि नियतीने नेमणं वेगळं.

खरा फरक एकच आहे: निवड कधी झाली आणि कुणी केली. नेमलेल्याची निवड गोष्ट सुरू व्हायच्या आधी, दुसऱ्या कुणीतरी केलेली असते. पुढे झालेल्याची निवड गोष्टीच्या आत होते, आपल्या डोळ्यांदेखत, आणि ती तो स्वतः करतो. हे ओळखायची माझी कसोटी साधी आहे. नायक "नाही" म्हणाला तर काय होईल, एवढंच विचारायचं. नेमलेला नाही म्हणाला तर गोष्ट थोडी लांबते, बस. भाकीत त्याचा पिच्छा सोडत नाही, वैरी त्याला शोधत दारात येतो आणि पाच प्रकरणांनंतर तो हो म्हणतो. पुढे झालेली नाही म्हणाली, किंवा नुसती गप्प राहिली, तर तिची गोष्ट तिथेच संपते. त्या जागी दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट सुरू होते, बहुतेक वेळा कुणाच्या तरी मरणाची.

२००८ साली आलेल्या 'हंगर गेम्स'मधला सोडतीचा प्रसंग या नजरेने पुन्हा वाचून पाहा. तिथली सत्ता दर वर्षी प्रत्येक डिस्ट्रिक्टमधून, म्हणजे प्रांतातून, सोडत काढून मुलं निवडते आणि त्यांना एकमेकांना मारायच्या खेळात उतरवते. कॅटनिस १६ वर्षांची आहे. वयामुळे आणि घरासाठी जादा धान्य-तेल घेतल्यामुळे सोडतीत तिच्या नावाच्या २० चिठ्ठ्या आहेत. तिच्या मित्राच्या, गेलच्या, ४२. धाकटी बहीण प्रिम १२ वर्षांची, तिचं हे पहिलंच वर्ष, तिची चिठ्ठी फक्त एक. आणि निघते ती नेमकी तीच. नियतीने बोट दाखवलंच असेल तर ते प्रिमकडे. प्रिम मंचाकडे चालू लागते आणि तिच्या ब्लाउजचं मागचं टोक पुन्हा खोचणीतून सुटलेलं कॅटनिसला दिसतं. ते टोक दिसताच ती भानावर येते, धावते, बहिणीला मागे ढकलते आणि "मी जाते" म्हणून ओरडते. काही श्रीमंत डिस्ट्रिक्टमध्ये मानासाठी, बक्षिसासाठी स्वतःहून जाणारी मुलं असतात. तिच्या बाराव्या डिस्ट्रिक्टमध्ये मात्र आपणहून जाणं जवळजवळ बंदच झालेलं, कारण तिथून गेलेलं पोर सहसा परत येत नाही हे सगळ्यांना ठाऊक. या प्रसंगात आकाशवाणी कुठे आहे? एक सुटलेलं टोक आहे आणि एका मोठ्या बहिणीचा निर्णय आहे.

यामुळे पुढची सगळी पानं बदलतात. नेमलेल्याच्या मनात सतत एक प्रश्न घोळतो: "मीच का?" या प्रश्नाचं उत्तर बाहेर असतं, एखाद्या म्हाताऱ्या गुरूकडे किंवा जुन्या पोथीत. म्हणून त्या कादंबऱ्यांत रहस्य उलगडत जातं. पुढे झालेलीला हा प्रश्न पडूच शकत नाही, का ते तिला पक्कं माहीत आहे. तिला छळणारा प्रश्न वेगळा: "केलं खरं, आता निभावू कसं?" तिची गोष्ट किंमत मोजण्याची असते. दोघांना एकाच नावाने हाक मारली की वाचक कॅटनिसच्या पुस्तकात रहस्य शोधत बसतो आणि ते सापडलं नाही म्हणून पुस्तकाला नावं ठेवतो.

यावर हटकून येणारा आक्षेप असा, की तीच कॅटनिस पुढे बंडाचं प्रतीक होते, मग ती नेमलेली नाही का? नाही. २०१०च्या तिसऱ्या भागात बंडखोर पुढारी तिला प्रतीक व्हायला सांगतात, कारण त्यांना प्रचारासाठी एक चेहरा हवा आहे. ती आधी अटी घालते. पकडलेल्या साथीदारांना माफी, शिकारीला जायची मोकळीक, आणि बहिणीचं मांजर बहिणीजवळ राहू द्यायचं. भाकिताशी अशी घासाघीस करता येते का? माणसांशी येते.

'डायव्हर्जंट' (२०११) मात्र खरोखर सीमेवरचं आहे, तिथे घोटाळा झाला तर मी समजू शकते. तिथे समाज स्वभावानुसार गटांत वाटलेला आहे. ट्रिसच्या चाचणीत ती एका गटात बसत नाही, हे जन्मजात, म्हणजे नेमलेल्याच्या बाजूचं. पण आपला गट निवडायच्या समारंभात ती हात कापून घेते आणि आईवडिलांच्या गटाच्या करड्या दगडांवर नाही, तर दुसऱ्या गटाच्या निखाऱ्यांवर रक्त सांडते, ते चरचरतं. हे पूर्णपणे तिचं. २०१३चा तिसरा भाग तिच्या वेगळेपणाचं कारण जनुकांत दाखवतो. कादंबरी स्वतःच त्या शुद्ध-अशुद्धाच्या भेदावर प्रश्न उभे करते, तरी माझ्या मते ते कारण द्यायलाच नको होतं.

कारण या सगळ्या प्रकारात मला सर्वात खुपणारी गोष्ट हीच आहे. पहिल्या भागात मुलगी स्वतःच्या हिमतीवर पुढे होते आणि शेवटच्या भागात कळतं, की ती हरवलेली राजकन्या आहे किंवा कुठल्या तरी प्राचीन वंशाची अखेरची वारस. लेखकाला वाटतं, आपण तिला मोठं केलं. प्रत्यक्षात तिचा निर्णय तिच्याकडून परत घेतला. मग ती पुढे झाली ते धैर्याने नव्हे, रक्ताने. लिहिणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: नायिकेला एकदा स्वतःच्या पायांवर उभं केलंत, तर तिच्या खाली मागाहून सिंहासन सरकवू नका.

उलट दिशेने, म्हणजे नेमलेल्याच्या गोष्टीत खरा निर्णय आणायचा, तर ते शक्य आहे आणि ते झालं की तो जुना साचाही मला आवडतो. पर्सीच्या मालिकेच्या शेवटी, २००९च्या पुस्तकात, भाकितातला वीर आपण नव्हे हे पर्सीला उमगतं आणि तो हातातला सुरा दुसऱ्याकडे देतो. हॅरीचं भाकीत तर याहून बारकाईने रचलेलं आहे. २००३च्या पाचव्या भागात कळतं, की ते भाकीत जुलैअखेरीस जन्मलेल्या दोन मुलांना लागू पडत होतं. एक हॅरी, दुसरा नेव्हिल लाँगबॉटम. भाकितातला वैरी, वोल्डेमॉर्ट, याने हॅरीवर हल्ला केला आणि तिथे प्रश्न मिटला. नेव्हिल मागे राहिला, विसरभोळा, सगळ्यांच्या चेष्टेचा विषय.

२००७च्या शेवटच्या भागात हॅरी मेला असं सगळ्यांना वाटत असताना गर्दीतून एकटा नेव्हिल वोल्डेमॉर्टवर धावून जातो. वोल्डेमॉर्टच्या सापाला मारायचं हे हॅरीने त्याला सांगितलेलं असतं, पण असं एकट्याने धावून जायला कुणीच सांगितलेलं नसतं. त्याची छडी जाते. आमच्यात ये, असं आमिष दाखवलं जातं, ते तो तोंडावर नाकारतो. डोक्यावर टोपी घालून ती पेटवून दिली जाते. त्या जळत्या टोपीतून तो तलवार उपसतो आणि एका घावात सापाचं मुंडकं उडवतो.