स्वित्झर्लंडमधील पर्यटनाची वाढ

स्वित्झर्लंड हा आल्प्स पर्वताने व्यापलेला, सुमारे ९० लाख लोकसंख्येचा मध्य युरोपातील देश. २०२४ मध्ये तेथील हॉटेलांत पाहुण्यांचे ४ कोटी २८ लाख मुक्काम नोंदले गेले. तोवरचा हा उच्चांक होता. एका पाहुण्याने काढलेली एक रात्र म्हणजे एक मुक्काम, अशी ही मोजणी आहे. चौघांचे कुटुंब तीन रात्री राहिले की बारा मुक्काम होतात. सकाळी येऊन संध्याकाळी परतणारे किंवा भाड्याच्या सुट्टीघरात उतरणारे या हिशेबात धरले जात नाहीत. त्यामुळे गर्दीचा पुरता अंदाज या आकड्यावरून येत नाही, पण पाहुणा कोणत्या देशाचा आणि कोणत्या महिन्यात आला हे नेमके कळते. स्विस पर्यटनाच्या वाढीचे मर्म त्यातच आहे. दीडशे वर्षांत हा धंदा अनेकदा कोसळला आणि दर वेळी तो सावरला एका नव्या पाहुण्यामुळे.

पहिला मोठा पाहुणा इंग्रज. लंडनमध्ये १८५७ साली ‘अल्पाइन क्लब’ स्थापन झाला आणि इंग्रज गिर्यारोहक स्थानिक वाटाड्यांना घेऊन एकामागून एक शिखरे सर करू लागले. १४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिंपरसह सात जण मॅटरहॉर्नच्या माथ्यावर पोहोचले. उतरताना त्यांतील चौघे कोसळून मरण पावले. या अपघाताने युरोप हादरला, आणि झरमॅट हे पायथ्याचे गाव जगाला माहीत झाले. त्याआधी दोनच वर्षे, १८६३ मध्ये, इंग्लंडचे सहल व्यावसायिक टॉमस कुक यांनी आपली पहिली स्वित्झर्लंड सहल काढली होती. ठरलेला मार्ग, ठरलेला खर्च, सोबत जाणकार माणूस ही आज आपल्याला ओळखीची वाटणारी पद्धत तिथून रुळली आणि श्रीमंतांपुरता असलेला आल्प्स इंग्लंडच्या मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. हिवाळी पर्यटनाचीही एक कथा सांगतात. सेंट मॉरिझचे हॉटेलमालक योहानेस बाड्रुट यांनी १८६४ साली उन्हाळी मुक्कामाला आलेल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली : हिवाळ्यात येऊन पाहा, इथले ऊन आवडले नाही तर प्रवासखर्च माझा. पाहुणे आले, ते वसंतापर्यंत राहिले. तपशील थोडाफार रंगवलेला असेल, पण बर्फाचे चार महिने ज्या डोंगराळ गावांना केवळ सोसावे लागत, त्यांना त्याच महिन्यांत कमाई होऊ लागली, एवढे खरे.

डोंगर चढण्याचे श्रम रेल्वेने संपवले. १८७१ मध्ये ल्यूसर्नच्या सरोवराकाठच्या फित्स्नाउ गावातून रिगीच्या डोंगरावर अभियंता निक्लाउस रिगेनबाख यांची दातेरी रेल्वे सुरू झाली. दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी आणि तीत अडकत वर सरकणारे इंजिनाचे चक्र, अशी तिची रचना. युरोपातील ही पहिली डोंगरी रेल्वे. (आपल्याकडे उटीला जाणारी निलगिरी रेल्वे याच घराण्यातली : तिची दातेरी पट्टी स्विस अभियंता रोमान आब्ट यांच्या पद्धतीची आहे आणि तिची अनेक वाफेची इंजिने विंटरटूर या स्विस शहरात बांधली गेली.) पुढे १८८९ मध्ये पिलाटसची रेल्वे आली. उद्योगपती आडोल्फ गुयेर-त्सेलर यांनी तर आयगर आणि म्योंख या पर्वतांच्या पोटातून बोगदा काढून युंगफ्राऊच्या शिखरापर्यंत गाडी नेण्याचा घाट घातला. काम १८९६ मध्ये सुरू झाले, गुयेर-त्सेलर १८९९ मध्ये वारले, आणि १ ऑगस्ट १९१२ रोजी, स्विस राष्ट्रीय दिनी, शिखराखालच्या खिंडीतले, ३,४५४ मीटर उंचीवरचे युंगफ्राऊयोख स्थानक सुरू झाले. ज्या उंचीवर जायला आधी दोर आणि कुऱ्हाड लागे, तिथे आता आजीबाईही तिकीट काढून जाऊ शकत होत्या. माझ्या मते स्विस पर्यटनाचा पाया निसर्गापेक्षाही या रुळांवर अधिक भक्कम उभा आहे; डोंगर ऑस्ट्रियातही आहेत, फ्रान्समध्येही आहेत.

दोनच वर्षांत पहिले महायुद्ध पेटले आणि सगळे थांबले. परदेशी पाहुणे गेले, मोठमोठी हॉटेले ओस पडली. काही ठिकाणी युद्धकैद्यांपैकी जखमी आणि आजारी सैनिकांना ठेवण्यात आले. हॉटेले इतकी जास्त झाली होती, की १९१५ मध्ये सरकारने परवानगीवाचून नवे हॉटेल बांधण्यावर निर्बंध घातला. देशाच्या जाहिरातीसाठी राष्ट्रीय संघटना स्थापन झाली तीही याच काळात, १९१७ मध्ये. पुढे मंदीच्या दिवसांत हॉटेलांना हात दिला तो देशातल्या सामान्य माणसाने. मिग्रो या दुकानसाखळीचे संस्थापक गॉटलीब डुट्‌वायलर यांनी १९३५ मध्ये ‘हॉटेलप्लान’ काढून नोकरदारांना परवडणाऱ्या सुट्ट्या विकायला सुरुवात केली. १९३९ मध्ये ‘रेका’ ही सहकारी संस्था आली. कामगाराने थोडे थोडे साठवून सवलतीत सुट्टीवर जावे ही तिची कल्पना. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिक रजेवर येऊन गेले, आणि पुढच्या दशकांत सुबत्ता आलेला जर्मन पाहुणा स्वतःची मोटार घेऊन दर वर्षी येऊ लागला. रोपवे आणि स्कीच्या उतारांचे जाळे पसरले ते त्याच्याच पैशावर.

या जर्मन पाहुण्याची पाठ फिरणे ही एकविसाव्या शतकातली सर्वांत मोठी घडामोड. २००८ मध्ये जर्मनांचे ६० लाखांहून अधिक मुक्काम होते. २०१९ पर्यंत ते ४० लाखांच्या खाली आले. कारण मुख्यतः चलनाचे. युरोपवरील आर्थिक संकटात पैसा सुरक्षित जागा शोधत स्विस फ्रँककडे वळला आणि फ्रँक महागला. एक युरो १.२० फ्रँकच्या खाली जाऊ न देण्याचे धोरण मध्यवर्ती बँकेने २०११ पासून राबवले, पण १५ जानेवारी २०१५ रोजी ते अचानक सोडून दिले. काही तासांत स्वित्झर्लंड युरोवाल्यांसाठी आणखी महाग झाले. सीमेपलीकडे ऑस्ट्रियात तोच बर्फ स्वस्तात मिळत होता. फटका बसला तो डोंगरातल्या मध्यम हॉटेलांना. झुरिक, जिनिव्हासारखी शहरे व्यवसायानिमित्त येणाऱ्यांमुळे बरीचशी तरली.

रिकाम्या खोल्या भरल्या आशियाने. चिनी पाहुण्यांचे मुक्काम काही वर्षांत दहा लाखांपलीकडे गेले आणि भारतीयांचे २०१८-१९ च्या सुमारास आठ लाखांच्या घरात पोहोचले. भारतीयांना हा देश आधी पडद्यावर दिसला होता. काश्मीरमध्ये चित्रीकरण अशक्य झाल्यावर हिंदी चित्रपटांनी बर्फ आणि हिरवी कुरणे आल्प्समध्ये शोधली. दिग्दर्शक यश चोप्रा यांचे यातले स्थान स्विस लोक इतके मानतात, की २०१६ मध्ये इंटरलाकेनला त्यांचा पुतळा बसवला गेला. मुंबई-पुण्याच्या सहल कंपन्यांनी मग ते पडद्यावरचे स्वप्न बसमध्ये बसवले. ल्यूसर्न, टिटलिस, इंटरलाकेन, युंगफ्राऊ ही ओळ मराठी घरांत तोंडपाठ झाली. टिटलिस शिखरावर जाणारा, स्वतःभोवती फिरणारा रोपवेचा पाळणा १९९२ पासून आहे. त्याच्या पायथ्याच्या एंगेलबर्गमध्ये भारतीय जेवण मिळू लागले, युंगफ्राऊयोखवर भारतीय उपाहारगृह उघडले. भारतीय पाहुणा येतो तो प्रामुख्याने मे-जूनमध्ये, म्हणजे आपल्या शाळांच्या सुट्टीत. स्कीवाले तेव्हा परतलेले असतात आणि युरोपीय उन्हाळी गर्दी सुरू व्हायची असते. हॉटेलांना ऐन भाकड महिन्यांत गिऱ्हाईक मिळाले. पाचसहा दिवसांत तीन देश उरकणाऱ्या आपल्या सहलींवर टीका होते, आणि ती काही अंशी रास्त आहे. पण आयुष्यभर साठवून साठीनंतर पहिल्यांदा बर्फाला हात लावणाऱ्या माणसाचा तो आनंद मला फार मोलाचा वाटतो.

करोनाच्या साथीने २०२० मध्ये मुक्काम २ कोटी ३७ लाखांवर आणले; आदल्या वर्षी ते ३ कोटी ९६ लाख होते. सीमा बंद झाल्या, आणि मंदीच्या दिवसांसारखाच स्विस माणूस पुन्हा स्वतःचाच देश पाहायला निघाला. २०२१ मध्ये देशी मुक्काम २ कोटी १० लाखांच्या आसपास गेले, आणि निर्बंध उठल्यावरही ते फारसे घटले नाहीत. त्यावर परदेशी पाहुण्यांची भर पडून २०२३ मध्ये एकूण आकडा प्रथमच ४ कोटींपलीकडे, ४ कोटी १८ लाखांवर पोहोचला. या खेपेचा नवा पाहुणा अमेरिकी आहे. २०१९ मध्ये अमेरिकी मुक्काम सुमारे २५ लाख होते, २०२४ मध्ये सुमारे ३५ लाख. चिनी पर्यटक मात्र पूर्वीच्या संख्येने लगेच परतले नाहीत.

गर्दीचा प्रश्न देशभर सारखा नाही, तो मोजक्या ठिकाणी साचतो. ब्रिएन्झ सरोवराकाठच्या इझेल्टवाल्ड या चिमुकल्या गावातला लाकडी धक्का एका कोरियन मालिकेत दिसला आणि तिथे रांगा लागल्या. २०२३ मध्ये गावाने धक्क्यावर फिरते फाटक बसवून ५ फ्रँक घ्यायला सुरुवात केली. घरांचे दुखणे त्याहून जुने आहे. वर्षातले काही आठवडेच उघडणाऱ्या सुट्टीघरांनी डोंगरी गावे भरली, तेव्हा मार्च २०१२ च्या सार्वमतात निसटत्या बहुमताने असे ठरले, की कोणत्याही गावात अशी घरे २० टक्क्यांपेक्षा जास्त असू नयेत.

खोल धोका वितळण्याचा आहे. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत मिळून स्विस हिमनद्यांनी आपले सुमारे १० टक्के घनमान गमावले. कमी उंचीवरच्या स्कीच्या जागांना कृत्रिम बर्फावर विसंबावे लागते, आणि उन्हाळा व शरद या ऋतूंकडे पाहुणे वळवण्याचे प्रयत्न त्यामुळेच वाढले आहेत. फुर्का घाटातले बेल्व्हेदेर हॉटेल १८८२ मध्ये बांधले गेले तेव्हा ऱ्होन हिमनदी त्याच्या अगदी जवळ होती आणि तिच्यात कोरलेली निळी गुहा पाहायला घोडागाड्या येऊन थांबत. हिमनदी मागे सरकत गेली. उरलेला बर्फ टिकावा म्हणून गुहेवर दर उन्हाळ्यात पांढरी कापडे अंथरावी लागली. हॉटेल २०१५ च्या सुमारास बंद झाले.