समुद्रबर्फ आणि हिमनदी: शैवालाला कोणता बर्फ वितळलेला मानवतो?

ध्रुवांजवळच्या किनाऱ्यांवरचा बर्फ वितळला की पाण्यात ऊन पोचतं आणि समुद्री शैवाल फोफावतं, असं बरेचदा वाचायला मिळतं. पण कोणता बर्फ, हे आधी विचारायला हवं. तिथे तो दोन तऱ्हेचा असतो आणि त्यांचं वितळणं शैवालासाठी अगदी उलट परिणामांचं ठरू शकतं.

समुद्रबर्फ म्हणजे खुद्द समुद्राचं पाणी गोठून झालेला थर. खारं पाणी उणे १.८ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठतं. हिमनदी मात्र जमिनीवरची. वर्षानुवर्षं साचलेलं हिम दाबलं जाऊन तिचा बर्फ बनतो आणि उतारावरून सरकत समुद्राला येऊन भिडतो.

समुद्रबर्फ हे शैवालाच्या डोक्यावरचं झाकण आहे. जाड थर आणि त्यावर हिम असलं, तर खाली एक टक्काही उजेड उतरत नाही. त्यामुळे हे झाकण कधी निघतं, यावर सगळं ठरतं. ध्रुवाकडे वर्षभराचा उजेड थोड्या महिन्यांत एकवटलेला असतो. उत्तर ध्रुवाकडे २१ जूनच्या आसपास सूर्य मावळतच नाही. बर्फ जुलैऐवजी जूनच्या सुरुवातीला फुटला, तर वर्षातला सगळ्यात उजळ महिना शैवालाच्या पदरात पडतो. शिवाय बर्फाच्या लाद्या उथळ खडक खरवडून काढतात, तेही कमी होतं.

हिमनदी येताना खालचा खडक दळत येते. पिठासारखा बारीक गाळ उन्हाळ्यात वितळलेल्या पाण्याबरोबर समुद्रात उतरतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते वरच पसरतं आणि वरचं पाणी गढूळ करतं. काही गाळ शैवालाच्या पानांवरही बसतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात, झाकण निघालेलं असतानाच, वर पडदा ओढला जातो.

नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवरच्या काँग्सफ्योर्ड नावाच्या खाडीत हे दोन्ही एकाच कड्यावर दिसलं. १९९६-९८ मध्ये पाण्यात बुडी मारून संशोधकांनी तिथल्या केल्पची, म्हणजे मोठ्या तपकिरी शैवालाची, मोजणी केली होती. २०१२-१४ मध्ये ती पुन्हा झाली. दरम्यान समुद्रबर्फ बराच कमी झाला होता. अडीच मीटर खोलीवर केल्प कित्येक पटींनी वाढलं होतं. पण ते जिथपर्यंत खाली उतरायचं, ती सीमा वर सरकली होती, कारण बहुधा गढूळ पाण्यामुळे तळाशी उजेड पुरत नव्हता. मला ही नोंद फार मोलाची वाटते. फक्त उथळ पाण्यात मोजलं असतं तर भरभराटच दिसली असती.

हिमनदी निव्वळ नुकसानच करते, असंही नाही. अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर पॉटर कोव्ह या छोट्या खाडीत फूर्काद हिमनदी मागे हटली, तसे तिच्याखाली दडलेले खडक उघडे पडले आणि त्यांवर शैवालाने नव्याने बस्तान बसवलं. मात्र गढूळपणामुळे ते फार खोल जाऊ शकत नाही.

अलास्काच्या उत्तरेला ब्यूफोर्ट समुद्रात लॅमिनेरिया सॉलिडंग्युला नावाचं केल्प आहे. वर्षातले सुमारे नऊ महिने त्याच्यावर समुद्रबर्फ असतो. ते उन्हाळ्यात अन्न साठवतं आणि हिवाळ्यात, मिट्ट काळोखात, त्या शिदोरीवर नवं पान वाढवतं. तिथला गाळ हिमनदीचा नसून नद्यांनी आणलेला आणि लाटांनी ढवळलेला असतो. बर्फ नसला की लाटांना मोकळं रान मिळतं, म्हणजे इथे झाकण निघणंच गढूळपणाला वाट करून देतं.

या केल्पचं पान हातात घेतलं तर त्यावर कंबरेसारख्या आवळलेल्या जागा दिसतात. दोन कंबरांमधला तुकडा म्हणजे एका वर्षाची वाढ. उन्हाळा गढूळ गेला असेल, तर त्यानंतरच्या हिवाळ्यात वाढलेला तुकडा आखूड भरतो.