तेल काळं पडलं म्हणजे गेलं?

सर्व्हिसला गाडी लावली की ॲडव्हायझर डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, ओढतो, फडक्यावरचा काळा ओघळ दाखवतो. “बघा साहेब, ऑइल पार गेलंय. इंजिन फ्लशही करून घ्या, आतून धुऊन निघेल.” आपण घाबरून मान डोलावतो.

खरं तर काळं पडणं हे त्या तेलाचं कामच. त्यातली डिटर्जंट द्रव्यं काजळी तेलातच तरंगत ठेवतात, इंजिनात साचू देत नाहीत. डिझेल गाडीत तर नवं तेल काही दिवसांतच डांबरासारखं दिसतं. तेल कधी बदलायचं ते मॅन्युअलमधला तक्ता सांगतो: बऱ्याच गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. दुधाळ दिसलं तर मात्र थांबू नका, आत पाणी किंवा कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) शिरत असू शकतं.

फ्लश तक्त्यात नसेल तर सरळ नाही म्हणा. टायरमध्ये भरायला सुचवतात त्या नायट्रोजनचंही तेच. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच!

ब्रेक फ्लुइडवर, म्हणजे पेडलचा दाब ब्रेकपर्यंत नेणाऱ्या द्रवावर, मात्र कंजुषी नको. ते हवेतली ओल शोषतं, मग घाट उतरताना तापून उकळतं आणि पेडल मऊ पडतं. साधारण दोन वर्षांनी ते बदलावं. गंमत म्हणजे, हे मला आजवर कुणी आग्रहानं सुचवलेलं नाही.