ठेच्यावर उगीच आळ

आमचे मामा वर्धा जिल्ह्यातले, तीन एकर कोरडवाहू कापसाचे धनी. दहा-बारा वर्षं त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पित्ताच्या गोळ्यांचं पाकीट असायचंच. गेल्या दिवाळीत म्हणाले, "ठेचा सोडला, चहा सोडला, तरी पोट जयतेच ना बाप्पा!"

आपल्याकडे पोट जळलं की आरोपी ठरलेला असतो : तिखट. 1980 सालापर्यंत जगभरचे डॉक्टरही फारसं वेगळं सांगत नव्हते. जठरातल्या आम्लात जंतू टिकूच शकत नाही, असं धरून चाललेले. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन यांना मात्र रुग्णांच्या जठराच्या तुकड्यांमध्ये पिळाच्या आकाराचे जिवाणू पुन्हा पुन्हा दिसत होते. ते प्रयोगशाळेत काही केल्या वाढेनात. 1982 मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या, आणि जिवाणू उगवले! वॉरन यांचे तरुण सहकारी बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये ते चक्क पिऊन टाकले. काही दिवसांत मळमळ, उलट्या सुरू झाल्या, जठराला सूज आली. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. जिवाणूचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी.

हा आम्लात जगतो कसा, ते शेतकऱ्याला चटकन समजेल. युरिया फेकला आणि पावसानं दडी मारली की मातीतलं एक विकर (एन्झाइम) त्याचा अमोनिया करतं आणि बरंच खत हवेत जातं. गोठ्यातला तो नाकाला झोंबणारा वासही अमोनियाचाच. आपल्या जठरातही थोडा युरिया असतो, शरीरानंच तयार केलेला. हा जिवाणू तेच विकर, युरिएज, बाळगून असतो. युरिया फोडून अमोनिया करायचा आणि त्याच्या आडोशानं आम्ल बोथट करत जठराच्या चिकट अस्तरात शिरायचं, ही त्याची युक्ती.

एकदा शिरला की आपण होऊन सहसा जात नाही. लागण बहुधा लहानपणी होते, घरातल्या घरात किंवा दूषित पाण्या-अन्नातून. शरीर त्याच्याशी लढत राहतं, पण लढाई जिंकत नाही. ती चाळीस-पन्नास वर्षं धुमसते. काही जातींचे जिवाणू तर सुईसारख्या नळीतून 'कॅग-ए' नावाचं प्रथिन थेट आपल्या पेशीत टोचतात, आणि पेशीला वाढीचे चुकीचे हुकूम मिळू लागतात. सततच्या दाहानं आम्ल करणाऱ्या ग्रंथी झिजतात. मग जमिनीचा पोत गेल्यावर भलतंच तण माजावं तसं जठरात आतड्यासारखं अस्तर उगवतं. त्यातल्या काही पेशी पुढे बिघडतात, आणि त्यातल्या थोड्यांचा कॅन्सर होतो.

मला यातली सगळ्यात चकवणारी गोष्ट म्हणजे जळजळीचा हिशेब. जंतूचा दाह जठराच्या खालच्या टोकाशीच राहिला तर आम्ल वाढतं आणि पुढच्या आतड्यात अल्सर होतो. माणूस कळवळतो, पण जठराच्या कॅन्सरचा धोका त्याला कमी. दाह वरच्या मोठ्या भागात पसरला तर ग्रंथी मरतात, आम्ल घटतं. पोट शांत वाटू शकतं, आणि खरी भीती त्याच पोटाची! 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी अभ्यासात लागण असलेले 1,246 जण सरासरी जवळपास आठ वर्षं पाहिले गेले. 36 जणांना जठराचा कॅन्सर झाला. आतड्याचा अल्सर असलेल्यांपैकी एकालाही नाही, आणि लागण नसलेल्या 280 जणांतही कुणालाच नाही.

म्हणजे लागण झालेल्या शंभरातल्या बहुतेकांना कॅन्सर होत नाही. भारतात लागण भरपूर, तरी हा कॅन्सर तुलनेनं कमी. मिझोरमसारखा अपवाद सोडला तर. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं 1994 मध्येच या जिवाणूला कॅन्सरकारकांच्या पहिल्या गटात बसवलं. बिडी-सिगारेट आणि फार खारवलेलं अन्न धोका आणखी वाढवतात. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खाणाऱ्यांनी इथं सुटकेचा श्वास टाकू नये, त्यांचं तोंड आधीच रांगेत आहे.

वजन उतरणं, घास अडकणं, डांबरासारखी काळी शी, वारंवार उलटी, रक्त कमी होणं, किंवा घरात कुणाला जठराचा कॅन्सर झालेला असणं : यातलं काहीही असेल तर मेडिकलवरून गोळी आणून भागत नाही, दुर्बिणीची तपासणी लागते. नुसता जंतू शोधायचा तर श्वासाची किंवा शौचाची चाचणी चालते. श्वासाच्या चाचणीत पुन्हा युरियाच पाजतात आणि जंतूनं तो फोडला का ते पाहतात. आम्ल दाबणाऱ्या गोळ्या दोन आठवडे आधी डॉक्टरांना विचारून बंद कराव्या लागतात, नाहीतर जंतू असून 'नाही' असं येतं.

मामांच्या चाचणीत जंतू निघाला. दुर्बिणीत सूज होती, बाकी काही नाही. चौदा दिवस, तीन-चार प्रकारच्या गोळ्या. पाचव्या दिवशी तोंड कडू झालं म्हणून सोडायला निघाले होते, तेही ऐन वेचणीत. अर्धवट सोडलं की उरलेला जंतू औषधाला दाद देत नाही, आणि आपल्याकडे तशी दाद न देणाऱ्यांची भरती आधीच पुष्कळ आहे. मामींनी रोज समोर बसून गिळायला लावल्या. महिना उलटून गेल्यावर फेरतपासणी झाली, जंतू नव्हता. तालुक्याहून परत येताना मामांनी एसटी स्टँडवरच पाव किलो हिरवी मिरची घेतली.