उणे २१ अंशांपर्यंत मीठ बर्फ वितळवतं?

रस्त्यावरच्या बर्फासाठी वापरलं जाणारं मीठ उणे २१ अंश सेल्सिअसपर्यंत काम करतं, हा समज जुना आहे. आकडा खरा, अर्थ चुकीचा. २३ टक्क्यांचं मिठाचं पाणी त्या तापमानाला गोठतं, एवढंच. कोरडं मीठ टाकून बर्फ किती आणि किती वेळात वितळेल, हे त्यावरून कळत नाही. उणे १ अंशाला एक किलो मीठ सुमारे ४६ किलो बर्फ वितळवू शकतं, उणे ७ला जेमतेम साडेआठ किलो, तेही रेंगाळत. म्हणून अमेरिकेतल्या मिनेसोटात साधं मीठ साधारण उणे ९पर्यंतच वापरा असं सांगतात. तेही रस्त्याच्या पृष्ठभागाचं तापमान, हवेचं नव्हे. गफलत बहुतेकदा इथेच होते.

बर्फ वितळवणाऱ्या दोन मालांची तुलना करायची तर पिशवीवरचा आकडा बाजूला ठेवा. उथळ ताटलीत तीनेक मिलिमीटर बर्फ गोठवा, ठरलेल्या तापमानाला वजन करून माल पसरा. १०, २०, ३०, ४५ आणि ६० मिनिटांनी साठलेलं पाणी सिरिंजने ओढून मोजा आणि परत ताटलीतच ओता. ओतलं नाही, तर विरघळलेलं मीठही बाहेर जातं आणि पुढचे सगळे आकडे कमी येतात.