ॲडव्हेंचर बाइकवर काय चढवायचं आणि कशासाठी आरटीओत जायचं

कुठलाही पार्ट मागवण्याआधी आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, एकदा नीट वाचा. बहुतेकांनी ती नाकाबंदीला दाखवण्यापुरतीच हातात घेतलेली असते. नाव, पत्ता, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर सगळ्यांना ठाऊक असतात. पण त्याच नोंदणीत गाडीचा रंग, इंजिनाची क्षमता सीसीमध्ये, इंधन, आसनक्षमता, रिकाम्या गाडीचं वजन आणि व्हीलबेसही (दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर) असतो. तुमच्या डोक्यातल्या बदलाने यातली एखादी नोंद खोटी ठरणार असेल, तर तो बदल परवानगीचा विषय आहे. ठरणार नसेल, तर बहुतेक वेळा अर्जच नसतो. मात्र अर्ज नाही म्हणून नियमही नाही असं समजू नका.

मोटार वाहन कायदा 1988 मधलं कलम 52 म्हणतं की उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसीतला तपशील जुळणार नाही, असा बदल मालकाने करू नये. ‘बदल’ म्हणजे काय, हेही तिथेच सांगितलंय: वाहनाच्या रचनेत केलेला असा फेरफार, ज्यामुळे त्याचं मूळ स्वरूपच बदलतं. 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हीच रेघ ठळक केली. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम 182अ आलं. त्याच्या चौथ्या पोटकलमानुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘दर बदलामागे’ हे शब्द पुन्हा वाचा. मित्राच्या गॅरेजमध्ये एका रविवारी पाच कामं उरकणाऱ्याला ते महागात जातील.

आता ॲडव्हेंचर बाइकवर काय काय चढतं ते पाहू. रोज ऑफिसला जायचं आणि लांब सुट्टीत स्पितीला, अशी दुहेरी नोकरी ज्या गाडीला करायची असते, तिच्यावर साधारण हीच कामं होतात: टॉप बॉक्स, पॅनिअर (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या सामानाच्या पेट्या), बॅश प्लेट (इंजिनाला खालून झाकणारी पट्टी), हँड गार्ड, उंच विंडस्क्रीन, हँडलबार रायझर (हँडल उंच करणारे ठोकळे), मऊ सीट, मोबाइल माउंट, चार्जर, ऑक्स लाइट (हेडलाइटशिवायचे जादा दिवे). यातल्या बहुतेक वस्तू नट-बोल्टवर चढतात आणि तशाच उतरतात. गाडीची मूळ रचना तशीच राहते, म्हणून त्यांच्यासाठी आरटीओत फेरी मारायची गरज नाही. कंपनीच्या अधिकृत ॲक्सेसरीच्या यादीतली वस्तू घेतलीत आणि बिल जपून ठेवलंत तर उत्तमच. पुढे विम्याच्या वेळी ते बिलच कामाला येतं.

पण यातल्या तीन-चार गोष्टींवर थोडं थांबायला हवं. चुका तिथेच होतात.

पहिली, पॅनिअरसाठी काढलं जाणारं साडी गार्ड. पॅनिअर ज्यावर टांगतात तो डावीकडचा स्टे, म्हणजे लोखंडी सांगाडा, बसत नाही म्हणून मेकॅनिक सरळ साडी गार्ड उतरवतो आणि तुम्हाला पिशवीत घालून देतो. केंद्रीय मोटार वाहन नियम 123 नुसार मागे बसणाऱ्यासाठी पकडायला जागा, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारं संरक्षण असावंच लागतं. साडी गार्डला धरून बसणारा स्टे बऱ्याच मॉडेलसाठी मिळतो. थोडा शोधावा लागतो, इतकंच. याच नियमात जुलै 2020 मध्ये मागे बसवायच्या हलक्या कंटेनरची मापं आली: लांबी 550, रुंदी 510 आणि उंची 500 मिलिमीटर. कंटेनर मागच्या सीटच्या जागेवर बसवला तर गाडीवर फक्त चालक. सीटच्या मागे बसवला तर दुसरा माणूस चालतो. टॉप बॉक्स घेताना टेप सोबत न्या. ‘45 लिटर’ या आकड्यावरून मापं कळत नाहीत.

दुसरी, ऑक्स लाइट. धुक्यात त्यांचा उपयोग असतो, नाही असं नाही. पण नियम 111 प्रमाणे नोंदणी प्राधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय गाडीच्या पुढे स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट लावता येत नाही. मंजुरीही अपवादात्मक परिस्थितीतच मिळते. समोरच्याच्या डोळ्यांत घुसणारा लांब झोत या नियमाच्या तावडीत सापडतो. बाजूला पसरणारा, खाली वळवलेला आणि वेगळ्या स्विचवर चालणारा फॉग लाइट घ्या. शहरात शिरताना तो बंद करा आणि नाकाबंदी दिसली की चालू करून दाखवायचा मोह आवरा. हेडलाइटची गोष्ट याच्या उलट. 1 एप्रिल 2017 पासूनच्या दुचाकींना इंजिन सुरू असताना दिवा आपोआप चालू राहणं सक्तीचं आहे. त्यामुळे बॅटरी वाचवायला हेडलाइटला स्विच जोडणं हा सरळ नियमभंग आहे.

तिसरी, सायलेन्सर. बाजारातला मोकळा आवाज करणारा एग्झॉस्ट बसवण्यासाठी आरटीओकडे कुठला फॉर्म आहे, असं मला आजवर बऱ्याच जणांनी विचारलंय. असा फॉर्म नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेला किंवा आवाजाची मर्यादा ओलांडणारा सायलेन्सर कलम 190(2) खाली येतो. पहिल्या वेळेलाच तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. दुकानदाराने ‘डीबी किलर (आवाज कमी करणारी नळी) लावलाय की’ म्हटलं म्हणून तो सायलेन्सर मंजूर होत नाही.

नंबर प्लेटचं थोडक्यात सांगतो. टेल टायडी, म्हणजे मागचं लांब मडगार्ड काढून लावायचा आखूड ब्रॅकेट, लावून प्लेट मडगार्डखाली आडवी करू नका. 1 एप्रिल 2019 नंतरच्या गाड्यांना उच्च सुरक्षा प्लेट विक्रेत्याकडूनच लागून येते. जुन्या गाडीला ती नसेल तर आधी ते काम करा, कारण त्यावाचून आरटीओतली बाकीची कामंही अडतात.

ज्या बदलांसाठी खरंच मंजुरी लागते

यादी लहान आहे. गाडीचा मुख्य रंग बदलणं. इंजिन बदलणं, तेही त्याच मेकचं आणि त्याच प्रकारचं. साइडकार जोडणं. अपंग व्यक्तीला चालवता यावी म्हणून गाडी अनुकूल करून घेणं, ज्याला कायद्यात मुद्दाम जागा दिलेली आहे. बोअर (इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास) वाढवून सीसी बदलणं, स्विंग आर्म (मागचं चाक धरणारा दांडा) लांब करून व्हीलबेस बदलणं किंवा फ्रेम कापून मागची सीट उडवणं ही कामं अर्ज करून मिळवण्यातली नव्हेतच. वाहनाच्या मूळ नमुन्याला पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट अशा चाचणी संस्थेकडून मंजुरी मिळालेली असते. फ्रेम कापली की गाडी त्या नमुन्यातून बाहेर पडते. रुंद टायरचंही असंच. मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापातला जास्त खाचांचा टायर घाला, मोठ्या मापाच्या नादी लागू नका.

व्यवहारात सर्वांत जास्त अर्ज रंगासाठी होतात. तो अनुभव मी स्वतः घेतलाय. माझ्या गाडीची टाकी खडीवर घसरून खरवडली गेली, तेव्हा काळ्याऐवजी वाळूचा रंग द्यायचं ठरवलं. पेंटरने ‘आधी रंग मारू, मग बघू’ म्हटलं आणि मीही मान डोलावली. क्रम चुकला. आधी मंजुरी, मग काम, मग तपासणी, मग आरसीवर नोंद, हाच क्रम आहे. गाडीत झालेला बदल चौदा दिवसांत कळवण्याची तरतूद कलम 52 मध्ये आहे, पण ती ‘आधी करून टाका’ असं सांगत नाही. मला खिडकीवरून परत पाठवलं, लेखी खुलासा मागितला आणि एका फेरीचं काम तीन फेऱ्यांत झालं. गाडीभर विनाइल रॅप लावणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. आरसीवर ‘ब्लॅक’ आणि समोर ऑलिव्ह हिरवी गाडी उभी असेल, तर खाली काळा रंग आहे हे हवालदाराला नखाने खरवडून दाखवणार का?

अर्ज कोणी करायचा

आरसीवर ज्याचं नाव आहे त्यानेच. गाडी भावाच्या नावावर आणि चालवता तुम्ही, तर सही भावाची. गाडीवर कर्ज असेल, म्हणजे आरटीओच्या भाषेत बोजा असेल, तर बँकेची किंवा वित्तसंस्थेची लेखी संमती जोडावी लागते. हे पत्र मिळायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून सुरुवात तिथूनच करा. नोंदणीची मुदत संपलेली नसावी, विमा आणि पीयूसी चालू असावेत, दंडाची चलानं भरलेली असावीत. कामापुरती भाड्याने घेतलेली, काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं असलेली बाइक असेल तर तुम्हाला त्यात काहीच करता येत नाही. मालक तो भाड्याने देणारा आहे.

लायसन्सबद्दलही विचारणा होते. ॲडव्हेंचर बाइकसाठी वेगळा वर्ग नाही. गिअर असलेल्या मोटारसायकलचं लायसन्स 200 सीसीला चालतं तसंच 1200 सीसीलाही.

प्रत्यक्ष पायऱ्या

परिवहनच्या पोर्टलवर वाहनविषयक सेवांमध्ये राज्य निवडा, गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे पाच अंक टाका. ओटीपी नोंदणीत असलेल्या मोबाइलवरच येतो. सेकंड हँड गाडी घेतलेल्यांचं घोडं नेमकं इथे अडतं, कारण नंबर आधीच्या मालकाचा असतो. तो आधी बदलून घ्या. मग वाहनातील बदलाची सेवा निवडायची, काय बदलतंय ते लिहायचं, कागद चढवायचे, शुल्क भरायचं, पावती छापायची आणि तपासणीची वेळ घ्यायची.

कागद हे: मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, पॅन कार्ड आणि ते नसेल तर फॉर्म 60, बोजा असल्यास संमतीपत्र, काम करणाऱ्या गॅरेजचं किंवा पार्टचं बिल आणि चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट. इंजिन बदलत असाल तर नव्या इंजिनाचं खरेदी बिल लागतं आणि त्यावर इंजिन नंबर छापलेला हवा. हाताने मागाहून लिहिलेला चालत नाही. जुनं इंजिन कुठे गेलं, हेही विचारलं जातं.

पेन्सिल प्रिंटबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण माझा निम्मा दिवस त्यात गेला. बहुतेक बाइकचा चेसिस नंबर हँडलखाली, स्टिअरिंगच्या नळीवर उजव्या बाजूला कोरलेला असतो. माझ्या गाडीवर त्याच जागी रायझरमुळे ओढून बांधलेल्या केबल होत्या आणि त्यांवर ऑक्स लाइटचं वायरिंग. तपासणीच्या रांगेत उभं राहून केबल टाय कापले, ओल्या फडक्याने दोन पावसाळ्यांचा चिखल काढला, सेलोटेप दाबून बसवली आणि वरून पेन्सिल फिरवली. सतरापैकी तीन अक्षरं उमटेनात. शेजारच्या रिक्षावाल्याने रॉकेलचा बोळा दिला तेव्हा कुठे ती दिसली. निरीक्षकांनी टॉर्च मारून अंक जुळवले, गाडीभोवती एक चक्कर मारली, आरसे आणि इंडिकेटर पाहिले आणि साडी गार्डकडे बोट दाखवलं. सुदैवाने ते जागेवर होतं. तेव्हा तपासणीला जाताना गाडी धुऊन न्या, नंबरची जागा मोकळी ठेवा आणि पॅनिअर घरीच काढून ठेवा.

मंजुरी झाली की नवीन आरसीत नोंद येते. कार्ड हातात पडेपर्यंत पावती आणि डिजिलॉकरमधली प्रत जवळ बाळगा. नोव्हेंबर 2018 च्या दुरुस्तीपासून मोबाइलवरचे कागद तपासणीत ग्राह्य धरले जातात. डोंगरात नेटवर्क नसतं, म्हणून निघण्यापूर्वी ते ॲपमध्ये उघडून ठेवा.

विमा कंपनीलाही कळवा

आरटीओने विचारलं नाही म्हणून विमा कंपनी विचारणार नाही, असं नाही. गाडीच्या मूळ किमतीत नसलेल्या वस्तू पॉलिसीत वेगळ्या दाखवाव्या लागतात. विजेवर चालणाऱ्या ॲक्सेसरीसाठी आयएमटी-24 नावाचं जोडकलम आहे. पॅनिअर, गार्ड, विंडस्क्रीन अशा वस्तू बिगर-इलेक्ट्रिकल म्हणून लिहिल्या जातात. थोडा हप्ता वाढतो. पण दाखवलं नसेल तर अपघातानंतर सर्व्हेअर त्या वस्तू हिशेबातून वगळतो. हेडलाइटच्या वायरिंगला चिरा देऊन ऑक्स लाइट जोडले असतील आणि पुढे वायरिंग जळालं, तर त्याचं कारण तिथेच शोधलं जातं. रिले (दिव्यांचा वीजप्रवाह वेगळा सांभाळणारा स्विच) असलेला, मूळ वायर न कापता बसणारा हार्नेस, म्हणजे तयार वायरिंगचा संच, घ्या.

टूरला निघताना पेट्रोलच्या कॅनचाही विचार करा. पेट्रोलियम कायदा 1934 च्या कलम 8 नुसार विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल एकूण 30 लिटरपर्यंत परवान्याशिवाय बाळगता येतं. भांडं घट्ट झाकणाचं हवं आणि काचेचं, चिनी मातीचं किंवा धातूचं हवं. काच-चिनी मातीचं एक लिटरपर्यंत, धातूचं 25 लिटरपर्यंत. प्लास्टिकचं नाव या यादीत नाही. पॅनिअरला बांधलेले लाल प्लास्टिकचे कॅन फोटोत झकास दिसतात, तरी घ्यायचा तो धातूचाच.

गाडीवरून उतरवलेलं सगळं, म्हणजे मूळ सायलेन्सर, आरसे, सीट, मडगार्ड, जुने बोल्टसुद्धा, खोक्यात भरून माळ्यावर ठेवा आणि खोक्यावर तारीख लिहा. गाडी विकताना मालकी बदलण्याचे फॉर्म 29 आणि 30 भरायची वेळ येते. त्या दिवशी गाडी आरसीत लिहिल्यासारखी उभी करायला ते खोकं लागतं.