पार्श्वभूमी: खर्च माणशी, वसुली चौरस मीटरने

माळरानावर 500 सदनिकांचा प्रकल्प उभा राहिला तर शहरावर बोजा किती पडतो? घरटी पाच माणसे धरली तर वस्ती अडीच हजारांची. भुयारी गटारे असलेल्या शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी हा केंद्राचा मापदंड. म्हणजे दिवसाला सुमारे 3 लाख 37 हजार लिटर, दहा हजारी टँकरच्या 34 खेपा. त्यातले जवळपास 80 टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, त्याचीही सोय हवी. शाळा, दवाखाना, रस्ता, कचरागाडी अजून धरलेलीच नाहीत.

असा माणशी हिशेब आपल्याकडे साठ वर्षांपूर्वीच मांडला गेला. नागरी संस्थांचे उत्पन्न कसे वाढवावे हे सुचवणाऱ्या समितीचा अहवाल 1963 मध्ये आला. तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे मंत्री रफिक झकेरिया. पाणी, मलनिस्सारण, रस्ते, दिवाबत्ती यांवर वर्षाला माणशी किती खर्च लागतो, हे समितीने शहराच्या आकारमानानुसार सांगितले. महागाईची भर घालत हे ‘झकेरिया निकष’ पुढे कित्येक वर्षे वापरात राहिले.

वसुलीने मात्र दुसरीच वाट धरली. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात 1992 साली विकास शुल्काचे, म्हणजे बांधकामाला परवानगी देताना विकसकाकडून घ्यायच्या रकमेचे, प्रकरण आले. शुल्क ठरले क्षेत्रफळावर. नंतर ते रेडी रेकनरला, म्हणजे जागांच्या सरकारी दरपत्रकाला, जोडले गेले: निवासी बांधकामाला 2 टक्के, जमिनीला अर्धा टक्का. माझ्या मते खरी गफलत इथेच झाली. रेडी रेकनर जागेचा भाव सांगतो. जलवाहिनी किती किलोमीटरवरून आणायची, हे त्याला ठाऊक नसते. शहराच्या वेशीवर भाव कमी म्हणून शुल्कही कमी, आणि नळ, गटार, रस्ता तर पहिल्यापासून करायचा.

पुण्यात 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे महापालिकेत आली ती ही तूट घेऊनच. त्याआधी, 2016 मध्ये, बाणेर-बालेवाडीचे पाणी उच्च न्यायालयात पोचले होते आणि तिथल्या नव्या बांधकामांना लगाम बसला. पुढच्या वर्षी ठाण्याच्या घोडबंदर पट्ट्यात तेच घडले.

परवानगी घेताना विकसकाकडून हमीपत्र घेण्याची पद्धतही रुळली: महापालिकेचे पाणी येईपर्यंत पाण्याची सोय आम्ही करू. सोसायटी रहिवाशांच्या ताब्यात आली की टँकरचे बिल मासिक देखभाल खर्चात जाऊन बसते. विकास शुल्क सदनिकेच्या किमतीतून आधीच भरलेले असते.